सत्कारानंतरचा शोधनिबंध

मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी वर्षानुवर्षं छापून येते. नाव बदलतं, गाव बदलतं, मजकूर तोच राहतो. अमुक तालुक्याच्या सुपुत्राला परदेशी विद्यापीठाची फेलोशिप. वडील शेतकरी किंवा शिक्षक, शाळा जिल्हा परिषदेची, परिस्थिती हलाखीची, जिद्द विलक्षण. मग संस्थांची नावं, पारितोषिकाचं नाव, आणि शेवटी 'सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे'. बीड जिल्ह्यात, त्यातही आष्टीसारख्या तालुक्यात, ही बातमी जरा जास्तच गोड लागते. एरवी या भागाचं नाव दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण एवढ्याच कारणांनी छापून येतं. त्यामुळे कुणी सूक्ष्मदर्शकाखाली बघून नाव काढलं की व्हॉट्सॲपचे सगळे ग्रुप एकदम जागे होतात.

ही बातमी आपण एकदा साहित्य म्हणून वाचून बघू. तिला नायक आहे, संघर्ष आहे, सुखान्त शेवट आहे. नाही ती एकच गोष्ट: त्या माणसानं नेमकं काय शोधलं? 'क्षयरोगाच्या जिवाणूवर मोलाचं संशोधन'. या चार शब्दांत वीस-पंचवीस वर्षांचं काम उरकलं जातं. शाळेत चालत जाण्याला एक परिच्छेद मिळतो, प्रयोगशाळेतल्या वीस वर्षांना चार शब्द.

जागा कमी असते म्हणून असं होतं, हे खरं नाही. पुस्तकांतही हेच होतं, आणि तिथं तर दोनशे पानं हाताशी असतात. हा लेखनप्रकाराचा दोष आहे.

साचा कुठून आला?

वैज्ञानिकाचं आयुष्य मराठी घराघरांत पोचवणारं पुस्तक म्हणजे वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. १९८१ साली आलेलं हे पुस्तक आजही शाळेच्या बक्षीस समारंभात हमखास हातात पडतं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यात कार्व्हरचं बालपण आहे तशी अलाबामातली खंगलेली माती आहे, कापसानं जमीन कशी चोपून खाल्ली ते आहे, भुईमूग का लावायचा ते आहे. कार्व्हरचा प्रश्न काय होता, हे त्यातून कळतं. दोष पुढच्यांचा आहे. त्या पुस्तकातून आपण गुलामगिरी, गरिबी आणि जिद्द उचलली, आणि माती तिथंच ठेवली. नंतर आलेल्या कितीतरी चरित्रांत नायक तेवढा राहिला, शेत गायब झालं.

दुसरा साचा रुग्णाचा. रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू सापडल्याचं जाहीर केलं २४ मार्च १८८२ रोजी. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या मार्च १८८६ मध्ये आणि क्षयानंच पुण्यात गेल्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या २१ व्या वर्षी. म्हणजे त्या गेल्या तेव्हा त्यांचा मारेकरी ओळखला जाऊन जवळजवळ पाच वर्षं झाली होती. तरी आपल्या सामूहिक आठवणीत त्यांचा आजार येतो तो नियती म्हणून, फुलण्याआधी खुडलेल्या कळीसारखा. त्यात दुःख आहे, आदर आहे. जिवाणू मात्र नाही.

रुग्णाची शोकांतिका आणि शास्त्रज्ञाची विजयगाथा अशा दोन कथा आपल्याकडे तयार आहेत. त्या दोघांच्या मधे जो बसलाय, ज्याच्यामुळे एक आजारी पडतो आणि दुसरा रात्री जागवतो, त्याच्याबद्दल मराठीत वाचायला फार थोडं मिळतं.

एक कारकीर्द नीट वाचून बघू

उदाहरणादाखल शेखर मांडे यांची कारकीर्द घेऊ. मांडे आष्टीचे नाहीत, नागपूरचे आहेत. मुद्दाम बाहेरचं नाव घेतलं आहे. 'आपला माणूस' म्हटलं की वाचन थांबतं आणि सत्कार सुरू होतो.

त्यांची बातमी करायची तर मसाला भरपूर आहे. नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एमएस्सी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून १९९१ मध्ये पीएचडी. मग नेदरलँड्समधलं ग्रोनिंगन आणि अमेरिकेतलं सिएटल. परत येऊन चंदीगडची इमटेक, मग हैदराबादची सीडीएफडी. २००५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार. २०११ पासून पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे संचालक. २०१८ ते २०२२ सीएसआयआरचे महासंचालक. हे सगळं मोबाइलवर एका मिनिटात सापडतं, आणि एका मिनिटात विसरलंही जातं. ही शिडी आहे. शिडी दाखवली म्हणजे वर चढून माणसानं काय बघितलं ते सांगितलं असं होत नाही.

त्यांनी काय बघितलं, ते सांगायला एक जुना मराठी शब्द कामाला येतो: पाठराखीण. नवी नवरी सासरी जाताना तिच्याबरोबर चार दिवस राहायला माहेरची कुणी बाई जाते, नवख्या घरात पोरगी बावरू नये म्हणून. पेशीतही असंच असतं. प्रथिन तयार होतं तेव्हा ती एक लांब साखळी असते. तिला ठरावीक घडी पडली तरच ती कामाची. घडी चुकली तर साखळ्या एकमेकींत अडकून गोळा होतो. तसं होऊ नये म्हणून काही प्रथिनं पाठराखणीचं काम करतात. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं प्रथिन म्हणजे ग्रोईएल.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत ग्रोईएलची रचना पाठ्यपुस्तकात चित्र काढण्याजोगी आहे. सात तुकड्यांचं एक कडं, त्यावर सात तुकड्यांचं दुसरं कडं, असे चौदा. मधे पोकळी, वर झाकण. अर्धवट घडीचं प्रथिन आत जातं, झाकण लागतं, आत निवांतपणे घडी पडते, झाकण उघडतं. डब्यावर डबा ठेवलेला, तसं. पोकळी नसेल तर या डब्याला अर्थ काय?

१९९८ मध्ये क्षयाच्या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. सुमारे ४४ लाख अक्षरं, सुमारे ४ हजार जनुकं. त्यात ग्रोईएलची जनुकं एक नाही, दोन आहेत. ई. कोलायचं एकावर भागतं, मग या जिवाणूला दोन पाठराखिणी कशाला? मांडेंच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेनं हा प्रश्न हाती घेतला. २००४ मध्ये त्यांचे दोन शोधनिबंध आले. एकात ग्रोईएल-२ ची स्फटिकरचना होती, ३.२ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्यानं काढलेली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. त्या चित्रात चौदांचा डबा नव्हता. दोनच तुकडे एकमेकांना चिकटून बसले होते. कडं नाही, पोकळी नाही, झाकणाला जागा नाही.

दुसऱ्या निबंधाचं शीर्षक वाचण्यासारखं आहे. क्षयाच्या जिवाणूतली ही प्रथिनं कमी तुकड्यांच्या रूपात राहतात, असं ते सांगतं. पण त्यात एक क्रियाविशेषणही आहे, 'नवलाची गोष्ट म्हणजे' अशा अर्थाचं. शोधनिबंधाच्या शीर्षकात एकेक शब्द तोलून घेतात, तिथं क्रियाविशेषण सहसा येत नाही. इथं ते आलं, कारण लिहिणाऱ्यांनाच ते चक्रावून टाकणारं होतं. बातमीदाराच्या हाती एवढा एक शब्द लागला असता तरी बातमी बदलली असती.

त्या स्फटिकरचनेच्या निबंधावर दोन नावं आहेत. पहिलं रोहिणी कमरा, दुसरं शेखर मांडे. या क्षेत्रात पहिलं नाव सहसा ज्याच्या हातांनी प्रयोग झाला त्याचं असतं, आणि शेवटचं प्रयोगशाळा ज्याची त्याचं. गौरवाच्या मजकुरात नेमकं पहिलं नाव गळतं. मांडेंनी ते गाळलेलं नाही. निबंधात ते ठळक, सगळ्यात आधी आहे. गाळतो तो चरित्रलेखक, कारण त्याच्या साच्यात नायक एकच बसतो.

सत्कारानंतर

मांडेंना भटनागर पुरस्कार मिळाला २००५ मध्ये. नेहमीच्या चरित्रात शोधाचं प्रकरण इथं संपलं असतं: पाठ्यपुस्तकाला धक्का देणारं निरीक्षण, लगेच देशातलं मानाचं पारितोषिक, पडदा. पण खरी गोष्ट इथून पुढे रंगते.

क्षयाचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवणं म्हणजे धीराची परीक्षा. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. शिवाय तो हवेतून पसरतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी, कडक सुरक्षेची खोली लागते. त्यामुळे जगभर एक सोय वापरली जाते. त्याचं जनुक उचलून ई. कोलायमध्ये घालायचं, आणि ई. कोलायकडून ते प्रथिन बनवून घ्यायचं. २००४ ची प्रथिनं अशीच परक्या घरी तयार झालेली होती.

मग शंका आली. हे प्रथिन स्वतःच्या घरी कसं वागतं? २००९ मध्ये याच प्रयोगशाळेतून नवा निबंध आला, पहिलं नाव सी. एम. संतोष कुमार यांचं. त्यांनी दोन्ही जिवाणूंच्या ग्रोईएलचे जोडणीचे भाग आपापसांत बदलून पाहिले. ई. कोलायचा भाग मिळाला तसं क्षयाच्या जिवाणूचं ग्रोईएल-१ कामाला लागलं, उलट, ई. कोलायच्या ग्रोईएलला क्षयाच्या जिवाणूचा भाग लावला तर ते निकामी झालं. म्हणजे बिघाड जोडणीत होता. मग त्यांनी ग्रोईएल-१ थेट क्षयाच्या जिवाणूतूनच काढलं. तिथं ते वेगवेगळ्या रूपांत सापडलं. सातचं एक कडं होतं, आणि चौदाचं दुहेरी कडंही होतं. चौदाच्या रूपावर एका ठरावीक जागी फॉस्फेटचा छोटा गट चिकटलेला होता, सातच्या रूपावर नव्हता. जिवाणू ही खूण चिकटवून एक कडं की दोन, हे ठरवत असावा, असा निष्कर्ष निघाला. ई. कोलायच्या घरी ती खूण लावणारंच कुणी नव्हतं.

२००४ चं निरीक्षण खोटं ठरलं का? नाही. परीक्षानळीत जे होतं ते त्यांनी बरोबर पाहिलं होतं. पण ते अपुरं होतं, आणि त्याचं अपुरेपण त्याच प्रयोगशाळेनं, पुरस्कार कपाटात ठेवून झाल्यावर, स्वतःच शोधून काढलं. माझ्या मते या कारकिर्दीतलं सगळ्यात वाचनीय पान हेच आहे. आणि तेच छापून येत नाही. सत्काराच्या भाषेत 'आधी सांगितलं त्याच्यापुढे अजून काहीतरी आहे' असं म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

याच सुमाराला, २००५ मध्ये, अनिल ओझा आणि अमेरिकेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयाच्या जिवाणूच्या एका निरुपद्रवी चुलतभावात ग्रोईएल-१ चं जनुक काढून टाकलं. तो जिवाणू जगला, पण त्याला पाण्यावर सायीसारखा जाड थर करून राहणं जमेना. म्हणजे दुसरी पाठराखीण वेगळ्याच कामाला ठेवलेली होती. अशा ठिकाणी विज्ञान हे एकट्याचं स्वगत राहत नाही. हैदराबादचा प्रश्न आणि पिट्सबर्गचं उत्तर एकाच गप्पांतली वाक्यं होतात.

दोष शोधनिबंधांतही आहे, हे सांगायला हवं. शोधनिबंध हासुद्धा एक साहित्यप्रकार आहे, आणि तोही लपवाछपवी करतो. फसलेले महिने, न आलेले स्फटिक, बुरशी लागलेली पेटी यांतलं काहीच त्याच्या पानावर येत नाही. तिथली भाषा अशी की जणू सगळं पहिल्याच फटक्यात जमलं. ती पोकळी भरायची जबाबदारी चरित्राची. चरित्र ती भरत नाही, आणि मग वाचकाला दोन्हीकडून फक्त यश दिसतं.

'एवढं कोण वाचणार?'

यावर संपादकाचं ठरलेलं उत्तर असतं: एवढं तांत्रिक कोण वाचणार? हे उत्तर वाचकाला कमी लेखणारं आहे. ज्या तालुक्यातली माणसं पारावर बसून साखर उताऱ्याच्या टक्क्यांवर वाद घालतात, कपाशीवरच्या फवारणीचं प्रमाण तोंडपाठ सांगतात, रिव्हर्स स्विंग का होतो हे समजावून देतात, त्यांना सात आणि चौदातला फरक कळणार नाही? त्यांच्या ओळखीच्या शब्दांत कुणी सांगत नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अशा बातम्यांनी खेड्यातल्या पोरांना बळ मिळतं, तिचं पोस्टमॉर्टम कशाला? बळ मिळतं, हे मान्य. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी बीएस्सी करतंय तिथं 'आपल्यासारख्याला जमलं' हे वाक्य फार मोलाचं असतं. पण बळ कशासाठी? आष्टीची एखादी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र घेते, नेट काढते, पीएचडीला लागते. तिसऱ्या वर्षी तिचा प्रयोग चालत नाही. तिनं वाचलेल्या एकाही गोष्टीत प्रयोग फसलेला नसतो. गरिबी आडवी आलेली असते, इंग्रजी आडवं आलेलं असतं, आणि दोन्ही जिद्दीनं हटलेले असतात. मग जिद्द असूनही प्रथिन गोळाच होत असेल, तर कमी कुठं पडलं? ती म्हणते, माझ्यात. आपल्या गोड बातमीची किंमत ती मुलगी भरते. तिला कुणी सांगितलं असतं, की भटनागर मिळालेल्या प्रयोगशाळेलाही आपलं प्रथिन घरी कसं वागतं ते दिसायला आणखी पाच वर्षं लागली, तर तिनं त्या फसलेल्या प्रयोगाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं.

प्रयोगशाळेपासून कोपीपर्यंत

मांडेंच्या या कामातून गोळी निघालेली नाही. तसा त्या निबंधांचा दावाही नाही. पण गौरवाच्या मजकुरात 'क्षयरोगावर संशोधन' म्हटलं की वाचक गोळीच समजतो. मूलभूत काम आणि औषध यांतलं अंतर लपवणं हा या लेखनाचा आणखी एक दोष. कधी ते अंतर पार होतं. रिफाम्पिसिन हे औषध कुठल्या जनुकातल्या बदलांमुळे निकामी होतं, ते १९९३ मध्ये कळलं. ते बदल बहुतेक करून ८१ अक्षरांच्या एका छोट्या पट्ट्यात असतात. त्या ज्ञानावर उभ्या राहिलेल्या तपासणीयंत्राला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली डिसेंबर २०१० मध्ये. नंतर गोव्याच्या मोलबायो कंपनीनं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट केलं, त्यालाही २०२० मध्ये मान्यता मिळाली. आठवडेच्या आठवडे वाट बघायची गोष्ट काही तासांवर आली. ८१ अक्षरं कळण्यापासून पहिलं यंत्र मान्य होईपर्यंत सतरा वर्षं गेली. ही सतरा वर्षं हीच बातमी आहे.

आणि इतकं होऊनही काम उरतंच. जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे साधारण एक भारतात आहे. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दसरा-दिवाळीनंतर आष्टी, पाटोदा, शिरूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्यांचा हंगामही पाच-सहा महिन्यांचा. उचल घेतलेली असते, मुकादमाला शब्द दिलेला असतो, फडाच्या कडेला कोपीत राहायचं असतं. खोकल्याची तपासणी आष्टीत झाली आणि गोळ्या चालू असतानाच कोयता सांगलीकडे निघाला, तर उपचाराची साखळी टिकवणं हे रेणूंच्या घडीइतकंच अवघड काम आहे. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांतून जे जिवाणू वाचतात, त्यांच्यात औषधाला न जुमानणारे निवडले जातात. प्रयोगशाळेतल्या बाईचा किंवा बुवाचा पुढचा प्रश्न तिथं तयार होत असतो, कोपीत.

शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीवर लिहिताना ही दोन टोकं एका पानावर आणता येतात का, हा माझ्या दृष्टीनं या लेखनाचा खरा निकष आहे. त्याला कवित्व लागत नाही. चार-पाच साधे प्रश्न पुरतात. प्रश्न काय होता? आधी लोक काय समजत होते? हातांनी काम कुणी केलं? कुठं अडलं, आणि नंतर काय बदलावं लागलं? आज त्याचा उपयोग कुणाला होतोय, आणि कुणापर्यंत तो अजून पोचलेला नाही?

पुढच्या वेळी ग्रुपवर 'आपल्या तालुक्याची शान' अशी पोस्ट येईल तेव्हा अभिनंदन जरूर करा. त्याखाली एक ओळ आणखी लिहा: साहेब किंवा मॅडम, तुम्ही नेमकं काय शोधलं ते आम्हाला मराठीत सांगाल का? उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित त्यांनाही पहिल्यांदाच कुणी विचारलेलं असेल.